एफी रँकिनने पथकाची पँट बदलायला लावली

एफी रँकिनला राग लवकर येत नसे, पण आला की टपालाच्या लाल गाडीतून तिच्याबरोबर गावभर फिरे. स्कॉटलंडच्या डोंगरांच्या पायथ्याशी तिचं गाव. सकाळी टपाल वाटायचं आणि डोंगरात कुणी अडकलं की बचाव पथकाबरोबर निघायचं, हे तिचं एकोणीस वर्षं चाललं होतं.

पथकात पंचवीस पुरुष आणि चार बायका. हिवाळ्यासाठी सगळ्यांना एकच पँट मिळे. छातीपर्यंत चढणारी, खांद्यांवर पट्ट्यांनी अडकवायची, वारा आणि बर्फ आत न शिरू देणारी. बेतलेली पुरुषांच्या अंगावर. लघवीला जायचं तर पुरुषांचं पुढची चेन उघडून भागे. बाईला मात्र दोर अडकवायचा कमरेचा हार्नेस सोडायचा, जॅकेट काढायचं, मग खांद्यांच्या पट्ट्या उतरवायच्या, आणि तेही उघड्या पठारावर, माणसाला धड उभं राहू न देणाऱ्या वाऱ्यात. म्हणून बायका पाणीच पीत नसत.

एफीने अकरा वर्षांत चार वेळा लेखी तक्रार केली होती. पथकाच्या सामानाचं बघणारे लॅकलन बेन, जंगलखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, दर वेळी सांगत की बायकांसाठी लहान साईझ मागवू. जणू अडचण बायकांच्या उंचीची होती.

मग त्या फेब्रुवारीत शोना पडली. शोना पथकात नवीन, सव्वीस वर्षांची. चुकलेल्या दोघा वाटसरूंना शोधायला सगळे पहाटे निघाले होते. शोनाने दुपारपर्यंत घोटभरही पाणी घेतलं नाही. तीनच्या सुमाराला तिच्या पायांत गोळे आले, बोलणं अडखळायला लागलं, आणि ती बर्फात खाली बसली ती उठलीच नाही. ते दोघे वाटसरू दुसऱ्या तुकडीला सुखरूप सापडले. स्ट्रेचरवरून खाली आणावं लागलं ते शोनाला. चार दिवस ती दवाखान्यात होती.

पुढच्या बैठकीत लॅकलननी अहवाल वाचला. त्यात एक ओळ होती: सदस्याने पुरेसे पाणी पिण्यात हलगर्जीपणा केला.

एफी उभी राहिली.

"हलगर्जीपणा? लॅकलन, ती पोरगी तहानलेली राहिली ती तुम्ही निवडलेल्या पँटीमुळे. हे तुम्हाला अकरा वर्षं मी लिहून देतेय."

"एफी, अगं, पँट उत्तम आहे. एवढ्या वर्षांत एकाही माणसाची तक्रार नाही."

"म्हणजे मी माणूस नाही का?"

नव्या पँटींची मागणी त्याच महिन्यात जायची होती, आणि लॅकलननी पुन्हा तीच निवडली होती. एफीने अट घातली. रविवारी लॅकलन आणि सामान निवडणाऱ्या समितीतले आणखी दोघे, अशा तिघांनी वरच्या पठारावर यायचं, आतली लोकरी तुमान, ती पँट, हार्नेस, जॅकेट, सगळं चढवून. पुढच्या चेनवर ती चिकटपट्टी लावणार. मग त्यांनी उकिडवं बसून दाखवायचं. दोघे हसले. लॅकलन हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

रविवारी वारा नेहमीसारखाच होता. एफी घड्याळ घेऊन दगडाच्या आडोशाला उभी राहिली. पहिली पाळी लॅकलनची. जाड हातमोज्यांत त्यांना हार्नेसचं बक्कल सुटेना, म्हणून त्यांनी मोजे काढले. त्यातला एक वाऱ्याने उडून दरीत गेला. जॅकेट काढताच ते कापायला लागले. सगळं उतरवून पुन्हा चढवेपर्यंत अकरा मिनिटं गेली आणि त्यांची बोटं पांढरी पडली. एफीने आपल्या जॅकेटात दडपलेला जादा मोजा त्यांना दिला.

"शोनाला हे दिवसातून तीनदा करावं लागलं असतं," ती म्हणाली.

"मला वाटलं होतं, तू उगाच बाऊ करतेस," लॅकलन हळूच म्हणाले.

"ठाऊक आहे. म्हणून तर वर आणलं."

मागणी बदलली. नवी पँट मागून कमरेपर्यंतच होती, आणि हार्नेसच्या खाली एका बाजूपासून मागून दुसऱ्या बाजूपर्यंत चेन होती; ती उघडली की फक्त मागचा भाग खाली येई, म्हणजे हार्नेस न सोडता काम उरके. शिवाय दोन्ही पायांवर वरपासून खालपर्यंत चेन, बुटांना लोखंडी काटे बांधलेले असले तरी घालता येईल अशी. अहवालातली ती ओळ लॅकलननी स्वतः खोडली आणि शोनाच्या घरी जाऊन माफी मागितली.

एवढं झाल्यावर एफी शांत होईल असं सगळ्यांना वाटलं. गावच्या पत्रिकेत मात्र छापून आलं की श्री. बेन यांच्या दूरदृष्टीमुळे पथकातील महिलांची मोठी सोय झाली. एफीने पत्रिका दारोदार वाटली, कारण ते तिचं कामच होतं. पण प्रत्येक दारात ती थांबली, त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि खरं काय झालं ते सांगितलं. त्या दिवशी टपाल पोचायला दुपारचे चार वाजले.