जीपमधली आठवी जागा

मैदानात आले की आण्णा आधी बॉलकडे बघत नसत. दोन्ही बाजूंच्या रेषांवरची माती चपलेनं सारत आणि म्हणत, "कडा मोकळ्या पायजेत. मॅच हितंच जिंकायची असती."

श्रीगोंद्यात त्यांचं पशुखाद्याचं दुकान. रविवारी सकाळी आम्ही पन्नाशीकडे झुकलेले लोक बास्केटबॉल खेळायचो. तुमच्याही गावात असं एखादं मंडळ असेल: गुडघ्यांना पट्टे, पोटं आत ओढलेली. आण्णा विंगला, म्हणजे कडेला. ना उंच, ना बुटके. कप्तान मी.

"उंच मानूस बास्केटखाली हुबा ऱ्हातो, बुटका बॉल आनतो," ते चहाला सांगायचे. "मधलं पळनं, आडवनं, लांबून टाकनं कोन करनार? ग्रामपंचायत?"

बाहेरगावी सामना असला की संघ जीपमध्ये मावेल तेवढाच. आठ जागा, आठ खेळाडू. त्यावरही आण्णांचं म्हणणं तयार: "एक उंच मानूस दीड सीट खातो. तेवढ्यात विंगवाले दोन बसत्यात."

गेल्या वर्षी कोपरगावला जायचं होतं. शेवटच्या जागेवर आण्णा, नाहीतर माझा मेहुणा. मेहुणा सहा फुटांच्या वर, त्यातून घरचा. मी त्याला घेतलं. आण्णा हसले. "पाव्हन्याचं पाय खिडकीतनं भाईर काडा." पण जीप वळेपर्यंत ते बूट घालून तिथंच उभे होते.

कोपरगावात मेहुण्यासकट आमचे तिन्ही उंच खेळाडू एकाच बास्केटखाली एकमेकांना धडकत राहिले. त्यांचा एक किडकिडीत विंगवाला कडेनं आरामात बास्केट करत राहिला. आम्ही सपाटून हरलो.

परतलो तर आण्णा दुकानातून लगबगीनं आले. "त्यांच्या विंगला कोन हुता?"

"विशेष कोणी नाही," मी म्हणालो.

त्यांचं तोंड उतरलं. "मंग आपलंच चुकत आसंल." त्यानंतर चहाला त्यांनी विंगचा विषय काढलाच नाही.

दिवाळीनंतर ते पुण्याला मुलाकडे गेले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, खेळ बंद. आम्ही अजून सवयीनं उजव्या कडेला बॉल टाकतो आणि तो सरळ रस्त्यावर जातो.

काल फोन केला. "आण्णा, कोपरगावात आम्हाला त्यांच्या विंगवाल्यानंच हरवलं. तुमचं बरोबर होतं. मला तेव्हा सांगवलं नाही."

पलीकडे कुकरच्या शिट्ट्या. आण्णांनी आत कुणाला तरी गॅस बंद करायला सांगितलं.

"कप्तान," ते म्हणाले, "बस खाली. आन् आता पयल्यापासनं सांग. पयला बॉल कोनाच्या हातात गेल्ता?"