बॅटरी बदलेपर्यंत

गरम गोंदाचा वास आला की मला इंदरगंजमधलं ते मोबाइलचं दुकान आठवतं. तिथे नवी बॅटरी बसवून महिनाही झाला नव्हता आणि फोन भर दुपारी बंद पडू लागला. एकदा आई घरात घसरून पडली, मला फोन लावत राहिली आणि तासभर तशीच बसून होती. दुसऱ्या दिवशी मी दुकान गाठलं. "दीदी, आप चार्जिंग पे छोड़ देती होंगी," दुकानदार म्हणाला. मागच्या वेळी फोन त्याच्या हवाली करून मी साड्या बघायला गेले होते, चूक तिथेच झाली होती. सराफ्यात तुटलेली बांगडी सांधायला दिली की आई सोनारासमोरून पाणी प्यायलाही उठायची नाही. मी स्टूल ओढलं. "बदल दीजिए, मैं यहीं बैठी हूँ." त्याने फोनची पाठ तापवून उघडली, गोंदाचा वास सुटला. वरच्या खणातून त्याने एक बॅटरी काढली, माझ्याकडे पाहिलं, ती परत ठेवली आणि खालचा खण उघडून सीलबंद पाकीट माझ्यासमोर फाडलं. त्या बॅटरीला आता तिसरं वर्ष लागलंय. आजही मी दारात दिसले की तो आधी स्टूल पुढे सरकवतो.