कुंकू नव्हतं ते

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझे बाकीचे दोष तिला पाठ आहेत. हा एवढाच राहिला. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट माहीत नाही.

डिचोलीतल्या आमच्या वाचनालयात पहिला संगणक आला तेव्हा मी शाळेत मराठी शिकवायचो, आणि त्या गावातला संगणकतज्ज्ञही मीच होतो. तज्ज्ञ म्हणजे — म्हापशाला तीन महिन्यांचा कोर्स. संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढण्याचा नियम मी घातला. मी! देवळातल्या सोवळ्याची टिंगल करणारा.

उद्घाटन दसऱ्याला होतं. यंत्र महिनाभर पडून होतं, आणि खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ तर आमच्याकडे तांदळाच्या डब्यातही शिरते. म्हणून आदल्या दिवशी मी संगणकाचा डबा उघडून आत ब्रश फिरवला.

सुलभा वाचनालयात तात्पुरती मदतनीस होती. पार्सेहून रोज दोन बस बदलून यायची. दसरा झाला की तिला कायम करायचं ठरलं होतं. घरी कोयत्याला, शिवणयंत्राला लावतात तसं तिने सकाळी संगणकाला कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. त्यात तिचं काय चुकलं?

अध्यक्ष ट्रकमालक. शाल पांघरून त्यांनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मागून कोणीतरी म्हणालं, "फुंकर मार रे!" हशा झाला.

मी डबा उघडला. पुढच्या बटणाची बारीक वायर सुटून लोंबत होती. साफ करताना मी ती काढली होती, आणि परत लावायची विसरलो होतो. बोलायचं होतं ते दोन शब्दांचं — माझं चुकलं. आयुष्यभर मराठी शिकवणाऱ्याला ते किती जड जावं?

मी डब्याच्या तळावरून बोट फिरवलं. लाल झालेलं बोट सगळ्यांना दाखवलं.

"हे बघा. कुंकू आत गेलंय."

धूळ होती ती. माझ्या ब्रशातून सुटलेली. खोलीत सगळे डिचोलीचे — ज्यांच्या उशीवर रोज ती धूळ बसते — आणि एकालाही ओळखता आली नाही? की मास्तर म्हणतो म्हणून कोणी बघितलंच नाही?

अध्यक्षांनी तर मला वाट करून दिली होती. म्हणाले, "मास्तर, आमच्या ट्रकार नारळ फोडला तरी ट्रक चलता, आनी हें कुंकवान मेलें?"

"ट्रक वेगळा, हे वेगळं," मी म्हटलं. "हे विज्ञान आहे."

सुलभा दारात उभी होती. "सर, मी वरसूनच लावलंय. भितर हात पण नाय घातलंय."

मी तिच्याकडे बघितलं नाही. फडक्याने पुसण्याच्या मिषाने वायर जागेवर बसवली. पडदा उजळला, टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी आपली शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली. मी ती घेतली.

पुढच्या बैठकीत सुलभाला येऊ नको म्हणून कळवायचं ठरलं. मी समितीवर होतो. त्या दिवशी मी बोललो — अंधश्रद्धेवर. चांगलं बोललो, असं सगळे म्हणाले.

तिला पुन्हा पाहिलं ते बऱ्याच वर्षांनी, पेडण्याच्या बाजारात. काजू विकायला बसली होती. तिनेच हाक मारली, "सर!" मी काजू मागितले. ते तोलता तोलता म्हणाली, "त्या दिवशी माझ्यापायी तुमका चारचौघांत खाली बघूचा लागला. माका अजून वायट वाटता. आता दसऱ्याक मी कसल्याच मशिनीक हात लावणंय नाय."

आजूबाजूला कोणी नव्हतं. शाल नव्हती, अध्यक्ष नव्हते. तेव्हा कोणाला भ्यायलो?

मी म्हटलं, "असू दे गो. मी केव्हाच विसरलो."

तिचा चेहरा मोकळा झाला. तोलून झाल्यावर तिने ओंजळभर काजू वरून पिशवीत घातले.

मी घेतले.