साक्ष नसलेल्या बाईची साक्ष

येरमाळ्याजवळच्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीत ‘देवकेंद्री विश्वास’ या विषयावर धडा घ्यायचं बोलावणं आलं आणि मी लगेच हो म्हणालो. शिकवायची हौस दांडगी आणि सोलापूरहून एसटीनं एका दिवसात जाऊन येता येतं. सकाळी सहाच्या गाडीत बसलो. तामलवाडी, तुळजापूर, धाराशिव, येडशी करत तीन तासांच्या आत पोहोचलो. तुम्ही गेलात तर नाश्ता येरमाळ्यातच करा. भजी गरम असतात, चहा मात्र पाकासारखा.

मंडळी पत्र्याच्या खोलीत भरते. गीतं झाली की एकेकानं उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवानं काय केलं ते सांगायचं. कुणाच्या बोअरला पाणी लागलं होतं, कुणाच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. दाराशी बसलेल्या सुशीलाबाईंना मात्र पास्टरांनी वगळलं. नंतर हळूच सांगितलं, की त्यांच्या आजारी नवऱ्यासाठी सगळ्यांनी चाळीस दिवस उपास केले, तरी तो गेला. तेव्हापासून बाईंना संकोच नको म्हणून ते त्यांचं नाव घेत नाहीत.

मी धडा सुरू केला. देवाची प्रीती आणि त्याचं सार्वभौमत्व, दोन्ही सारखंच धरा. आपल्याला काय मिळालं यावरून देव मोजू नका, वगैरे. मग ऐटीत म्हणालो, आता अशी साक्ष द्या, ज्यात तुम्हाला काहीच मिळालेलं नाही.

कुणी उठेना. माझ्याकडंही तशी साक्ष नव्हती. माझ्या हृदयाच्या बायपासची साक्ष तर तीन जिल्हे फिरून आलीय.

सुशीलाबाई उठल्या. “माझा माणूस मागितला, न्हाय दिला त्यानं. रोज भांडते त्याच्याशी. पर देव त्योच हाय. दुसऱ्या कुणापाशी जाऊन भांडू?”

पास्टरांनी सगळ्यांदेखत त्यांची माफी मागितली. मला माझीच लाज वाटली. उरलेला धडा मी घेतला नाही. जेवायला भाकरी आणि वांग्याचं कालवण होतं. वाढताना सुशीलाबाई म्हणाल्या, “सर, धडा अर्धाच राहिला की तुमचा.” मी म्हणालो, तो तुम्ही पुरा केलात.

पुढच्या रविवारी सोलापुरात आमच्या मंडळीत साक्ष द्यायची माझी पाळी आली. बायपास पाठ असल्यानं लोक ऐसपैस बसले. “ऑपरेशन फसलं असतं, तरी देव चांगलाच असता,” एवढं म्हणालो आणि खाली बसलो. बायको माझ्या कानाशी वाकली.

“छातीत दुखतंय का?”