गाळला जाणारा आकडा

मुलगा हॉरिझॉन्टल बारला लटकला की सर त्याच्या खाली येऊन उभे राहत. तळवे वर, कोपरं किंचित वाकलेली, मान मागे टाकलेली. मग म्हणत, “सोड आता. मी हाय ना.”

मुलगा बार सोडी, हवेत गिरकी घेई आणि गादीवर उतरे. सरांचे हात त्याच्या पाठीबरोबर फिरत, पण पाठीला लागत नसत. “हात लावायचा न्हाय,” ते सांगत. “लावला तं पोरगा त्याच्यावर रेलतो. पन हात तिथं पायजे.”

मी तेव्हा भिवंडीतल्या एका कॉलेजात मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो. जिमखान्याचा प्रमुख निवडताना प्राचार्यांनी एकच पात्रता पाहिली: नकार देऊ न शकणारा नवा माणूस. त्यामुळे जिम्नॅस्टिक्स क्लबचा कारभार माझ्याकडे आला. कारभार म्हणजे हॉलची किल्ली आणि पाहुण्यांसाठी हार. मला साधी कोलांटउडी येत नाही, हे कुणी विचारलंही नाही.

हॉलच्या मागच्या गल्लीत लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने होते. दिवसभर खटखट चाले आणि खिडक्यांच्या काचा थरथरत. सर त्या तालावरच मुलांना बारवर झोके घ्यायला लावत. शुक्रवारी लूम बंद असले की मुलांचे झोके हटकून चुकत. आमच्या गाद्याही लूमवरच्या टाकाऊ सुतानं भरलेल्या. कुणी जोरात पडला की शिवणीतून धाग्यांचे तुकडे उडत आणि मुलगा कापूस पिंजणाऱ्याच्या दुकानातून आल्यासारखा घरी जाई.

क्लबचे प्रशिक्षक असलेले सर भिवंडीजवळच्या दिघाशी गावचे. गावात मल्लखांब खेळून वाढलेले, अंगानं लहानखुरे, मिशी मात्र अंगाच्या मानानं बरीच मोठी. पाहुणे आले की त्यांच्या तोंडी पुस्तकी मराठी येई आणि ते एखाद्या निमंत्रणपत्रिकेसारखे बोलत. पाहुणे गेले की पुन्हा दिघाशीची बोली. मला दुसरे सर आवडत. पहिल्या सरांकडे मी हसून दुर्लक्ष करी.

एकदा एका मुलाचा हात सुटला. तो डोक्यावर येणार हे आम्हा सगळ्यांना दिसलं, आणि दिसेपर्यंत सर त्याच्या खाली गेलेही होते. मुलाला खरचटलंसुद्धा नाही. सरांचं मनगट मोडलं. प्लास्टर घातलेल्या हातानं दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बारखाली. मी म्हटलं, “अहो, घरी बसा.” तर म्हणाले, “एक हात हाय ना अजून.” अशा माणसावर विश्वास ठेवायला वेगळं काही करावं लागत नाही. तो आपोआप बसतो.

सर विद्यापीठाच्या स्पर्धांना पंच म्हणूनही बसत, आणि इथे त्यांचं दुसरं नाव होतं: निःपक्षपाती. आपल्या क्लबच्या मुलाची पाळी आली की ते सगळ्यात कमी गुण देत. गुणांची पाटी उंच धरत, सगळ्या हॉलला दिसेल अशी. प्रेक्षक टाळ्या वाजवत. दुसऱ्या कॉलेजांचे प्रशिक्षक माना डोलावत. कुणीतरी भाषणात त्यांना न्यायाधीशही म्हटलं होतं.

आता हा खेळ तुम्ही जवळून पाहिला नसेल, तर एक गोष्ट सांगायला हवी. पंच चार असतात. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा गाळतात आणि मधल्या दोघांची सरासरी धरतात. म्हणजे सरांचा कमी आकडा दरवेळी गाळला जाई. सरांची शोभा होई आणि मुलाचं काही जात नसे. मुलांना हे पक्कं ठाऊक होतं. “सरांचे मार्क म्हणजे नैवेद्य,” ती म्हणत, “दाखवायचे, देव काय खात नाय.” सर हे ऐकून मिशीत हसत. मलाही गंमत वाटे. थाटामाटाची मला मुळातच चीड, पण हा थाट कुणाला लागत नव्हता.

रियाज हा आमचा सगळ्यात चांगला मुलगा. घरचे लूम, वडील जुने कोकणी मुसलमान व्यापारी. आमच्या गाद्यांचं सूत त्यांच्याच कारखान्यातून येई. रियाजची कॉलेजची दोन वर्षं झाल्यावर त्यांनी ठरवलं की शिक्षण पुरे, पोरानं आता कारखान्यात बसावं. रियाजला शिकायचं होतं. सर आणि मी त्यांच्या घरी गेलो.

शेठ म्हणाले, “सर, पोरगा मला सर्कशीत घालायचा न्हाय.”

मी शिक्षणाच्या महत्त्वावर थोडं बोललो. ते त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतलं आणि चहा पुढे केला. मग सर दिघाशीत बोलले. “शेठ, युनिव्हर्सिटीच्या टीममधी नाव आला तं पुढचा शिकू द्या. न्हाय आला तं तुमचा लूम हायच.”

शेठनी मुलाकडे पाहिलं. “नाव येईल?”

“मी हाय ना,” सर म्हणाले.

शेठ म्हणाले, “ठीक है. आला तर शिकेल. न्हाय तर लूम. मग कुणी माझ्या दारात यायचं न्हाय.”

विद्यापीठ संघाच्या निवडीच्या दिवशी सर बारचे पंच होते. बार हाच रियाजचा हुकमी प्रकार. सकाळी कळलं की चौथ्या पंचांना ताप आला आहे. मुख्य पंचांनी माइकवरून सांगितलं, आज तिघेच आहेत, तिघांच्या गुणांची सरासरी धरली जाईल, कुणाचाही आकडा गाळला जाणार नाही. मी निश्चिंत झालो. म्हटलं, बरं झालं. आज सरांना मनातले गुण देता येतील.

रियाज बारवर गेला. लूमची खटखट तिथे नव्हती, पण त्याच्या झोक्यात ती होती. त्यानं बार सोडला, गिरकी घेतली आणि खिळा ठोकावा तसा उभा राहिला. एक पाऊलही हललं नाही. दोन पंचांनी नऊच्या वरचे गुण दाखवले. सरांनी पाटी उंच धरली, सगळ्या हॉलला दिसेल अशी. तिच्यावर साडेसात होते.

टाळ्या पडल्या.

संघात सहा जण घ्यायचे होते. रियाज सातवा आला.

परतीच्या एसटीत रियाज मागे मुलांबरोबर बसला होता आणि खिडकीबाहेर बघत होता. सर माझ्या शेजारी होते. भिवंडीचा कल्याण नाका आला. मग मी विचारलं, “आज आकडा गाळणार नाहीत, हे ऐकलं होतं तुम्ही?”

“ऐकला होता.”

“मग?”

त्यांनी मोडून जुळलेलं मनगट दुसऱ्या हातात धरलं. “एवढी वर्सं कमी देत आलो. आज मोजनार म्हनून बरोबर दिले असते तं लोक काय बोलले असते? मोजत न्हवते तवा कमी, मोजायला लागले तवा जास्ती.”

“लोक बोलले असते. रियाज शिकला असता.”

“सगले बगत व्हते हो,” सर म्हणाले.

मला उत्तर मिळालं होतं. मनगट मोडून घेणारा माणूस आणि हा माणूस एकाच सीटवर बसले होते, आणि दोघांचंही तिकीट मीच काढलं होतं.

शेठना सांगायला सर आले नाहीत. मी गेलो. शेठनी शांतपणे ऐकलं. विचारलं, “ते बोलले व्हते, मी हाय ना. आज कुठं हायेत?” मी चहा घेतला नाही, कारण या वेळी तो आला नाही. आठवड्याभरात रियाज कारखान्यात बसू लागला. गाद्यांचं सूत मात्र येत राहिलं. ते कोण पाठवत होतं, हे मी विचारलं नाही.

सर त्यानंतरही बरीच वर्षं बारखाली उभे राहिले. तळवे तसेच, मान तशीच. पण ‘मी हाय ना’ हे मी पुन्हा ऐकलं नाही. ते नुसतं “सोड” म्हणत. नवी मुलं सोडायच्या आधी एकदा खाली बघत. का बघायचं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. निवृत्तीच्या वेळी सरांना शाल, श्रीफळ आणि तराजूचं चित्र कोरलेलं मानचिन्ह मिळालं. भाषण मला करायला सांगितलं होतं. मी घसा बसल्याचं सांगितलं.

पुढे काही वर्षांनी सर गेले. शोकसभा आमच्या हॉलमध्येच झाली. बारच्या खाली टेबल, टेबलावर फोटो, फोटोला हार. प्रत्येक वक्त्यानं निःपक्षपातीपणा काढला. एकानं तर रियाजचंच उदाहरण दिलं, नाव न घेता: “स्वतःच्या लाडक्या शिष्यालाही त्यांनी सूट दिली नाही.” लोक हळहळले. चांगल्या अर्थानं.

रियाज मागच्या दारात उभा होता. अंग सुटलेलं, केसांवर लूमची कापसाची भुकटी. बहुधा कारखान्यातून तसाच आला होता. मी त्याच्याजवळ गेलो. “बोलणार आहेस का दोन शब्द?”

त्यानं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, “सर, मी पडलो असतो ना, तर त्यांनी पकडला असता. हात मोडून घेतला असता.”

“हो,” मी म्हटलं.

“मी पडलोच न्हाय.”

सभा संपली, लोक चहाकडे गेले. रियाज बारजवळ आला. खेळाडू चढण्याआधी करतात तसं त्यानं बारला ताणून धरणारी तार ओढून पाहिली, आणि ढिला झालेला पेच पिळून घट्ट केला. वर बघितलं नाही. मग टेबलावरच्या फोटोला वळसा घालून तो लूमच्या आवाजाकडे निघून गेला.