बाईंनी मला कासारीण केलं

माझं अक्षर कोंबडीने पाय उमटवल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नाही. पुढे शाळाच सुटली. हे कागद कुणाच्या हाती पडलेच तर हसू नये.

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले तेव्हा ठाण्याच्या एक शिक्षिकाबाई दर गुरुवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात बायकांना नाटक शिकवायला येत. पुस्तक नाही, पाठांतर नाही. मंगळागौर जागवताना आपण सासू-सुना होऊन मनानेच भांडतो, तसं. नियम एकच: समोरचीने दिलेलं टाकायचं नाही, त्यात आपलं घालायचं. असं शिकवणारं तोवर आमच्याकडे कुणी नव्हतं. पुरुष म्हणत, "नाटक कसलं, पोरखेळ!" बाई म्हणत, "मग पोरांसारख्या खेळा गं."

मला चारचौघींत तोंड उघडवत नसे. हाताने पोलकी शिवून साठवलेले माझे तीस रुपये शेजारच्या वहिनींनी उसने नेले होते. त्यातून मला जुनं शिवणाचं मशीन घ्यायचं होतं. मशीनवाला दिवाळीपर्यंतच थांबणार होता. पण वहिनींकडे पैसे मागायचे कसे?

एका गुरुवारी बाईंनी मला बांगड्या भरणारी कासारीण केलं आणि वहिनींना पैसे थकवलेलं गिऱ्हाईक. आमच्यातलं त्यांना काही ठाऊक असेल असं वाटत नाही.

"पुढच्या महिन्यात ये," वहिनी ठसक्यात म्हणाल्या.

मी बाईंकडे पाहिलं.

"तिने पुढचा महिना दिलाय," बाई म्हणाल्या. "घे तो."

"बरं," मी म्हणाले, "तोवर इथेच बसते."

"अगं बाई! आणि जेवायला?"

"तुमच्याच पानाशेजारी. मीठ तेवढं बेताचं घाला."

बायका हसून लोळल्या. वहिनीही हसल्या, मग एकदम थांबल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खरंच त्यांच्या उंबऱ्याशी जाऊन बसले.

"काय गं?"

"काही नाही. बसते."

त्या आत गेल्या आणि पाच रुपये घेऊन आल्या. "मीठ मी बेताचंच घालते हो," म्हणाल्या. मग मी अधूनमधून जाऊन बसू लागले. त्या चहा देत, जमतील तसे पैसे देत.

काही वर्षांनी बाई थकल्या, त्यांचं येणं बंद झालं. त्यांच्या हाताखालच्या दोघी कल्याणला शिक्षिका झाल्या. त्याही मुलांना पुस्तकाशिवाय नाटक शिकवतात म्हणे. मी मात्र पुन्हा कधी नाटकात उभी राहिले नाही.

मी कासारीण झाले त्याच वर्षी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी वहिनींनी उरलेले पैसे माझ्या हातावर ठेवले.

"ऊठ आता, कासारणी."

तीस पुरे झाले होते.