आयुधपूजेच्या दिवशी चाललेले गणित

"आमच्या परिचयाच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी लाडक्या विद्यार्थिनीचे गणित रांगेतून पुढे काढण्यासाठी सुट्टीच्या दिवशी विद्यापीठाचे संगणक गुपचूप चालू केले, आणि प्रकरण अंगाशी येताच भुताटकीची कथा रचली. वयपरत्वे असे होते."

आपल्या म्हैसूरच्या मंडळाच्या मासिकात, याच सदरात, मागील अंकी श्री. बिवलकर यांनी हे छापले आहे. प्राध्यापकांचे नाव घातलेले नाही — तेवढे धैर्य नसावे. ते प्राध्यापक मी. भुताटकी हा शब्द मी कधीही उच्चारलेला नाही. तो बिवलकरांचा आहे आणि त्यांनी तो परत घरी न्यावा. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. चाळीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. जे पाहिले ते सांगतो, आणि तेही केवळ माझ्या प्रतिष्ठेसाठी नव्हे. याच आरोपावरून विद्यापीठाच्या चौकशी समितीने केतकीचा प्रबंध अडवून धरला आहे. तिची चार वर्षे त्यात आहेत.

केतकी ही माझी शेवटची विद्यार्थिनी. मूळची साताऱ्याची, इथे म्हैसुरातल्या विजयनगर भागात राहते. तिचा विषय काबिनी नदीच्या खोऱ्यातील पुराचा. ते गणित घरच्या संगणकाला झेपत नाही. विद्यापीठात एका थंड खोलीत शे-सव्वाशे संगणक एकत्र जोडून ठेवले आहेत, त्यांवर ते चालवावे लागते. पूर्वी त्यासाठी काळ्या पडद्यावर आज्ञा टंकाव्या लागत. आता वेब पोर्टल आहे. घरबसल्या ब्राउझर उघडावा, फाइल चढवावी, किती संगणक आणि किती तास हवेत ते निवडावे, बटण दाबावे. गणित रांगेत उभे राहते आणि पाळी आली की चालते. बिवलकर एकदा मंडळात मला म्हणाले होते, "सर, तुमच्या काळी पंचकार्डं होती ना? पोर्टल जमतं का?" मी म्हणालो, "तुम्ही पाळण्यात होतात तेव्हापासून जमतंय."

दसऱ्यात अष्टमीच्या दुपारी केतकीचे गणित मी माझ्या खात्यातून रांगेत लावले. मार्गदर्शकाला तो अधिकार आहे. आमच्या पुढे छत्तीस जण होते. यंत्रांची देखभाल करणारे नंजुंडस्वामी मला म्हणाले, "सार, उद्या आयुधपूजा. मशीनला रजा. काही चालणार नाही."

"मशीनला तिथी कळते का हो?" मी विचारले.

"मशीनला नाही कळत सार, मला कळते ना!"

म्हैसुरात या दिवशी सायकलीपासून लेथपर्यंत प्रत्येक यंत्र धुऊन, पुसून, पुजून स्वस्थ ठेवतात. आमचे घराणे पाच पिढ्या इथल्या फौजेत होते. खंडेनवमीला आम्हीही तलवार पुजतो. म्हणून नवमीच्या सकाळी आठ वाजता मी त्या थंड खोलीत हजर होतो. नंजुंडस्वामींनी मुख्य खटका खाली केला, बॅटऱ्यांच्या तारा सोडवल्या, कपाटांना कुंकू आणि शेवंती वाहिली, दाराशी कोहळा फोडला. त्यांना हूटगळ्ळीला मेहुण्याच्या वर्कशॉपातल्या पूजेला जायचे होते. खोलीची किल्ली त्यांनी माझ्या हाती दिली, कारण मी कुवेंपुनगरात, जवळ राहतो.

साडेअकराच्या सुमारास घरी सवयीने ब्राउझर उघडला. पोर्टल उघडायलाच नको होते, कारण ते चालवणारा संगणकही त्याच खोलीत आहे. ते उघडले. रांगेतली बाकीची सगळी गणिते थिजलेली. केवळ आमच्या नावापुढे हिरवी खूण — 'रनिंग'. सुरुवात : अकरा वाजून वीस मिनिटे. फाइल उघडली, तर उत्तराच्या ओळी एकामागून एक उमटत होत्या...

"अहो, नैवेद्य खोळंबलाय. सुम्मने, उगाचच, त्या पडद्याकडे काय बघत बसलात?" पत्नी म्हणाली.

मी नंजुंडस्वामींना फोन लावला.

"इल्ला सार! चान्सच नाही. खटका तुमच्यासमोर पाडला ना? जुनं पान दिसत असेल. रिफ्रेश करा."

"जुन्या पानावर नव्या ओळी येतात का?"

वर्कशॉपातली घंटा मागे पडली; ते फोन घेऊन बाहेर आले असावेत. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "सार, किल्ली तुमच्याकडेच आहे ना?"

मी निघालो. त्या दिवशी रिक्षाही केळीचे खांब बांधून उभ्या असतात. एकही यायला तयार होईना. चालत गेलो. सव्वाबाराला कुलूप उघडले. रखवालदाराने मला पाहिले, आणि समितीपुढचा पुरावा तो एवढाच! गणित त्याच्या पंचावन्न मिनिटे आधी सुरू झाले होते, हे मी तिथे सांगितले. उत्तर मिळाले, "रखवालदाराची वेळ अंदाजे असू शकते, सर."

आत अंधार होता. त्या खोलीत पंख्यांच्या घरघरीमुळे एरवी शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते; त्या क्षणी मला माझा श्वास ऐकू येत होता. खटका खालीच होता, त्याला वाहिलेले फूलही जागेवर होते. कपाटांवर हात ठेवला — थंडगार. एकही दिवा नाही. आणि हातातल्या मोबाइलवर, त्याच पोर्टलवर, पुराच्या पाण्याची उंची ओळीओळीने चढत होती. भीती वाटली का, असे बिवलकरांनी नंतर चारचौघांत हसत विचारले. वाटली. ज्याला वाटली नसती त्याला पदार्थविज्ञान येत नसावे. मी कुलूप लावून घरी परतलो. दोन वाजून पन्नास मिनिटांनी पोर्टलवर 'कम्प्लीटेड' आले आणि लगेच पान बंद पडले.

एकादशीला यंत्रे चालू झाली तेव्हा उत्तराची फाइल जागच्या जागी होती. समितीने तेच गणित स्वतःसमोर पुन्हा चालवून घेतले. साडेतीन तास लागले. उत्तर शेवटच्या दशांशापर्यंत तेच. म्हणजे गणित खरे, काम खरे. फक्त ते कुणी केले, एवढाच प्रश्न. समितीचे उत्तर सोपे : म्हाताऱ्याने यंत्र चालू केले.

केतकी परवा घरी आली होती. म्हणाली, "सर, चुकून खटका दाबला गेला असं लिहून द्या ना. माफीवर मिटेल, आणि माझाही प्रबंध सुटेल."

"तू ते खरं मानतेस?"

"मी काहीच मानत नाही, सर. मी थकलेय." मग खाली बघून म्हणाली, "पण तुम्ही खोटं लिहिलंत, तर त्या प्रबंधावर माझी सही मी करू शकणार नाही, हेही खरं."

म्हणून लिहून देणार नाही. हा लेखच समितीला पाठवीत आहे. त्या साडेतीन तासांत ते गणित कशाने चालले, याचा खुलासा माझ्याजवळ नाही. कुणाजवळ असल्यास त्याने समोर यावे, मी ऐकून घेईन. परंतु यंत्र कुणी चालू केले, या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते त्या खोलीच्या नोंदवहीत नंजुंडस्वामींच्या हस्ताक्षरात, वीजविभागाच्या फोरमनच्या सहीनिशी पडून आहे. ती वही समितीने एकदाही मागवलेली नाही. खोलीला स्वतंत्र वीजमीटर आहे. नवमीला खटका खाली केल्यावर त्याचा आकडा लिहिला गेला, आणि एकादशीला खटका वर करण्यापूर्वी पुन्हा लिहिला गेला. दोन्ही आकडे एकच आहेत.